छातीवरचा बिल्ला

मी चिडका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची गैरसोय नको. तलवारबाजी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले आणि तेवढ्या काळात मी पालकांवर, पंचांवर, संघटनेच्या खुर्चीला धरून बसलेल्या मंडळींवर आणि आम्ही आत असतानाच हॉलचे दिवे घालवणाऱ्या शाळेच्या शिपायावर अगदी मनसोक्त ओरडलो आहे. पण या गोष्टीत ज्याच्यावर ओरडावं असा माणूसच मला सापडत नाही. शोधून दमलो.

आमचा हॉल म्हणजे एका शाळेचं तळघर. मोडकी बाकं भिंतीला टेकवून ठेवली की मधल्या जागेत खेळाच्या दोन लांब पट्ट्या मावतात. छत इतकं खाली की उंच पोरांनी हात वर केला तर बोटांना चुना लागतो. तिथे एका संध्याकाळी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी काडीसारखी. मी तिच्या उजव्या हातात तलवार दिली. तिने ती शांतपणे डाव्या हातात घेतली आणि माझ्या पोटात खुपसली. टोकाला बटण होतं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून ती आमची डावरी. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारा आमच्या तळघरात कुणी उरला नाही.

डावखुऱ्यांचं आमच्या खेळात वेगळंच असतं. समोरच्याला सगळं उलटं दिसतं, त्याची तारांबळ उडते. पण तेवढ्यावर कुणी मोठं होत नाही. डावरी मोठी झाली ती हट्टामुळे. एकच चाल ती इतक्या वेळा करायची की मीच कंटाळून बाकावर बसायचो, आणि ती म्हणायची, "सर, बसलात का? उठा ना, अजून नीट नाही आली."

तिची आई ती शाळेत जायला लागायच्या आधीच गेली होती. बापाने वाढवलं. बाप एका गोंदाच्या कारखान्यात फोरमन. बुटांचे तळवे, फर्निचर, पुठ्ठ्याची खोकी, जे जे जगात एकमेकांना चिकटून राहायला हवं ते सगळं चिकटवणारा गोंद तिथे बनतो. फोरमनच्या बोटांवर कायम वाळलेल्या गोंदाचा पातळ पापुद्रा असायचा आणि बोलताना तो पापुद्रा सोलत बसायचा. मुलीला सोडायचा, कामाच्या पाळीला जायचा, पाळी संपली की न्यायला यायचा. तिचा एक सामना म्हणून त्याने कधी पाहिला नाही, कारण सामने नेमके त्याच्या पाळीतच यायचे. पण तिची चंदेरी जॅकेटं धुवायचं काम त्याचं. त्यात तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

या जॅकेटाबद्दल जरा सांगायला हवं. आमच्या प्रकारात पांढऱ्या पोशाखावर बिनबाह्यांचं एक चंदेरी जॅकेट घालतात. त्याच्या कापडात धातूच्या बारीक तारा विणलेल्या असतात आणि त्यातून करंट फिरतो. समोरच्याच्या तलवारीचं टोक त्या कापडावर टेकलं की मशीनवर रंगीत दिवा लागतो आणि गुण मिळतो. हाताला, पायाला, दुसरीकडे कुठेही लागलं तर पांढरा दिवा, म्हणजे शून्य. सगळा खेळ त्या चंदेरी कापडाचा. घामाने तारा गंजतात, म्हणून ते कोमट पाण्यात, न पिळता धुवायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं असं मी फोरमनला एकदा सांगितलं होतं. त्यानंतर तिच्या जॅकेटावर मी कधी डाग पाहिला नाही.

डावरी देशात पहिल्या चौघींत आली आणि आमची खरी पंचाईत सुरू झाली. बाहेरच्या स्पर्धा खेळल्याशिवाय ऑलिम्पिकचं नाव काढता येत नाही आणि बाहेर जायचं म्हणजे खिसा लागतो. फोरमनने धीर करून कंपनीत विचारलं. कंपनीकडे समाजकार्याचं एक खातं होतं. त्यातून तोवर रस्त्याकडेच्या झाडांना पिंजरे बसवून झाले होते आणि झाडं बहुधा संपली होती, कारण आम्हाला बोलावणं आलं.

मोठ्या साहेबांच्या ऑफिसात शिरल्यावर आधी वर बघावं लागतं. छताला एक लाकडी खुर्ची उलटी चिकटवलेली आहे, चारही पाय वर. त्यांच्याच गोंदाने. येणारा प्रत्येकजण तिच्याखालून जाताना मान आत घेतो आणि साहेबांना ते बघायला आवडतं. मीही घेतली.

साहेब डावरीशी फार चांगलं बोलले, हे कबूल करायला हवं. तिच्या बापाचं कौतुक केलं. मग तिचा खेळतानाचा फोटो हातात घेऊन म्हणाले, "पण यात मुलीचा चेहराच दिसत नाही."

"मास्क आहे," मी म्हणालो.

"तो काढून नाही का खेळता येणार?"

"येईल की. एकदाच येईल."

डावरीने खाली मान घालून हसू दाबलं. फोरमन माझ्याकडे असा बघायला लागला की याला आणलं कशाला. साहेब मात्र हसले आणि कंपनीचा बिल्ला कुठे लावायचा त्यावर बोलणं आलं. सोबत जाहिरात खात्याचा एक तरुण होता, गोड बोलणारा, सतत फोनकडे बघणारा. त्याला मी नीट समजावलं की चंदेरी कापड सोडून काय ते बोला. दंडावर लावा, मांडीवर लावा. तो हो हो म्हणाला. ठरलं.

पुढचं दीड वर्ष आमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गेलं. डावरीला पहिल्यांदा स्वतःच्या मापाची, डावखुरीसाठी शिवून घेतलेली जॅकेटं मिळाली. दोन. त्याआधी ती कुणाचंतरी जुनं घालायची. चार देशांत खेळून आली. एका स्पर्धेत तिने असल्या मुलीला हरवलं की मी फोन ठेवून तळघरात एकटाच नाचलो. दंडावर बिल्ला होता, मांडीवर होता. मला कंपनीचं, साहेबांचं, त्या उलट्या खुर्चीचंही प्रेम वाटायला लागलं होतं.

मग निवडीची स्पर्धा आली. ऑलिम्पिकच्या पात्रता सामन्यांना देशातून एकच मुलगी पाठवणार होते आणि ती या स्पर्धेतून निवडणार होते. दुसरीला काही नाही. कंपनीचा करारही तिथवरचाच, गेली तर पुढे, नाही तर नमस्कार. आणि नाही गेली तर पुढची चार वर्षं कशावर काढायची हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहेबांनी जुने फोटो चाळले. दंडावरचा बिल्ला घडीत जातो, मांडीवरचा कॅमेऱ्यात येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. बिल्ला छातीवर हवा, ते म्हणाले. जाहिरातवाल्याने मला फोन केला नाही, कारण मी ओरडतो. डावरीला केला नाही, कारण ती सरावात असते. त्याने कारखान्यात फोन करून फोरमनला बोलावून घेतलं आणि रबराचे दोन मोठे बिल्ले त्याच्या हातात ठेवले. साहेबांची इच्छा आहे, म्हणाला.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

स्पर्धेचं ठिकाण म्हणजे एक मोठं क्रीडासंकुल. सकाळी खेळाडूंनी आपलं सामान तपासून घ्यायचं असतं. एक लांब टेबल, त्यामागे चष्मा लावलेले दोन तपासनीस. तलवार वाकवून बघतात, मास्कची जाळी दाबून बघतात आणि जॅकेटावरून एक तारेचं टोक फिरवतात. करंट जातोय तोवर मशीन बारीक कुरकुर करत राहतं. डावरीने पिशवीतून प्लास्टिकमध्ये घडी घातलेली दोन्ही जॅकेटं काढून टेबलावर ठेवली. बापाने नेहमीसारखी धुऊन, घडी घालून दिलेली. तिने ती उघडूनही पाहिली नव्हती. कशाला बघेल?

तपासनिसाने पहिलं जॅकेट उलगडलं. छातीच्या बरोबर मध्यावर, तळहाताएवढा, निळा, चकचकीत बिल्ला होता.

त्याने टोक फिरवायला सुरुवात केली. खांद्यावर कुरकुर. कमरेवर कुरकुर. बिल्ल्यावर गप्प. पुन्हा फिरवलं. गप्प. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

मी टेबलावरून दुसरं जॅकेट ओढलं. उलगडलं. त्याच्यावरही तसाच, तितकाच सरळ, तितकाच मध्ये.

"नाही चालणार," तपासनीस म्हणाला. त्याच्या आवाजात रागही नव्हता. "इथे टोक टेकलं तर रंगीत दिवाच लागायचा नाही. बिल्ला काढा, नाही तर दुसरं आणा."

डावरी बिल्ल्याकडे बघत होती. मग एकदम वळून तिने गॅलरीकडे पाहिलं. फोरमन तिथे बसला होता. मुलीचा सामना बघायला आयुष्यात पहिल्यांदा रजा काढून आलेला, इस्त्रीचा शर्ट, पहिल्या रांगेत, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिने बघितलं म्हणून त्याने हात हलवला.

मी त्याला खाली बोलावलं. तो धावतच आला.

"हे तुम्ही लावलंत?"

"हो. साहेबांचा निरोप होता," तो म्हणाला. त्याला वाटलं मी विचारतोय ते सरळपणाबद्दल. "फुटपट्टी लावून मध्य काढलाय, सर. आणि शिवला नाही हं मी. सुई घातली असती तर आतल्या तारा तुटल्या असत्या. म्हणून चिकटवला. तारेला धक्का नाही लावलेला."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात तशी ती निघाली होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती मध्येच कुठेतरी विझली. तेव्हा डावरीनेच सांगितलं, अगदी हळू, "बाबा, करंट वरून घ्यावा लागतो. टोक कापडाला लागलं पाहिजे. रबराला लागून उपयोग नाही."

फोरमनला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. बोटांवरचा पापुद्रा सोलायला त्याने हात एकत्र आणले, पण बोटं स्वच्छ होती. आज त्याने घासून धुतली होती.

"निघेल का?" मी विचारलं.

"आपला सगळ्यात भारी ग्रेड वापरलाय, सर. अजून बाजारात नाही आला. बॅच मी काढली होती." तो थांबला. "नाही निघायचा."

"काहीतरी असेल ना, ज्याने सुटतो."

"आहे. पण ते कापडही खाईल."

तरी आम्ही प्रयत्न केला. करणारच. मुलींच्या खोलीतून केस वाळवायचं मशीन आणलं, गरम हवा मारली. कुणीतरी चहाच्या यंत्रातलं उकळतं पाणी दिलं. फोरमन जमिनीवर बसून जॅकेट मांडीत घेऊन कडेने नख घालत होता. त्याच्या नखातून रक्त आलं. शेवटी त्याने दात ओठ खाऊन ओढला आणि बिल्ला निघाला, पण त्याच्यासोबत कापडही निघालं. चंदेरी जॅकेटाच्या छातीत तळहाताएवढं भोक पडलं आणि आतलं अस्तर दिसायला लागलं. गोंदाने कापड सोडलंच नाही. त्याचं काम त्याने चोख केलं होतं.

तो दुसऱ्या जॅकेटाला हात घालायला लागला तेव्हा डावरी त्याच्याशेजारी बसली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, राहू दे."

नेमका त्याच वेळी जाहिरातवाला फोटोग्राफरला घेऊन उगवला. जमिनीवरचं जॅकेट बघून म्हणाला, "अरे वा! काय मस्त बसलाय!"

मी काय म्हणालो ते इथे सांगण्यासारखं नाही. तो दोन पावलं मागे सरकला. "पण मला कुणी करंट-बिरंट काही सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तुमच्याच ऑफिसात. त्या उलट्या खुर्चीखाली उभं राहून."

"हो का? तेव्हा आपण मास्कबद्दल बोलत होतो ना?" तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. मला निदान त्याचा गळा धरता आला असता.

दुसऱ्या एका क्लबात एक डावखुरी होती. तिच्या प्रशिक्षकाशी माझं वर्षानुवर्षं वाकडं. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो, तर मला तोंड उघडायला न लावता त्याने आपल्या मुलीचं जादाचं जॅकेट काढून दिलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण ती मुलगी थोराड, रुंद खांद्यांची. डावरीच्या अंगावर ते जॅकेट खुंटीवर टांगल्यासारखं दिसत होतं. कमरेशी कापडाचा झोळ आला होता.

फोरमनने तो झोळ बघितला. "मागून दोन टाके घालू का?" त्याने विचारलं. सुईदोरा आहे का म्हणून तो इकडेतिकडे बघायला लागला. तेवढ्यात माइकवर डावरीचं नाव पुकारलं.

"वेळ नाही, बाबा," ती म्हणाली, मास्क उचलला आणि गेली.

ती त्या दिवशी जशी खेळली तशी मी तिला कधी खेळताना बघितलं नव्हतं. दर दोन चालींमागे ती उजव्या हाताने जॅकेट खाली ओढायची, आणि तरी एकेक मुलगी तिच्यापुढे गारद होत गेली. सकाळचं सगळं ती कुठेतरी आत ठेवून देत होती आणि तिथून जोर काढत होती. उपांत्य सामना तिने इतक्या झटपट संपवला की समोरच्या मुलीला मास्क काढेपर्यंत कळलं नाही. मी बाकाच्या कडेला बसलो होतो, माझा जीव टांगणीला. मनात म्हणत होतो, हे झालं तर मी ओरडणं सोडीन. शिपायावरसुद्धा.

अंतिम सामना पंधरा गुणांचा. चौदा-चौदा झाले.

शेवटच्या गुणाला दोघी पट्टीच्या मध्यावर. समोरची झेपावली. डावरीने कंबर मुरडून अंग बाजूला काढलं, ज्या चालीवर ती मला बाकावरून उठवायची तीच चाल, आणि ती या वेळी नीट आली. अगदी नीट. समोरचीचं टोक तिच्या अंगापासून चांगलं वीतभर लांबून गेलं. पण ते गेलं त्या झोळातून. कापड ओढलं गेलं, टोक घडीत अडकलं आणि रंगीत दिवा लागला. डावरीची तलवार क्षणभर उशिरा पोचली.

मी पंचाकडे धावलो. "अंगाला लागलेलं नाही!" मी ओरडलो. पंच भला माणूस. त्याने मान हलवली. अंगाचं मशीनला कळत नाही, त्याला जॅकेट कळतं. मलाही हे माहीत होतं. मी हेच पोरांना शिकवत आलो.

त्या सगळ्या गोंधळात एकच माणूस टाळ्या वाजवत होता. गॅलरीत, पहिल्या रांगेत, उभा राहून. फोरमनला कोणता दिवा कुणाचा हे माहीत नव्हतं. दिवा लागला एवढंच त्याला दिसलं. वरून त्याचा आवाज आला, "सर! लागला ना? जिंकली ना?"

डावरीने मास्क काढला. नियमाप्रमाणे तलवारीने समोरच्या मुलीला सलामी दिली, पंचाला दिली, हात मिळवला. मग वर बापाकडे बघून हळूच नाही अशी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी, फोरमन तिच्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन, मी मागच्या सीटवर. मग ती म्हणाली, "बाबा, ती मुलगी माझ्यापेक्षा चांगली खेळली आज."

फोरमन पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"जॅकेट नीट असतं तरी तीच जिंकली असती," ती म्हणाली, आणि मान वळवली. "हो ना, सर?"

सामन्याबद्दल मी कधी कुणाला खोटं सांगितलेलं नाही. लहान पोरांनाही नाही, रडली तरी नाही. "हो," मी म्हणालो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. जाहिरातवाल्याने घडलेलं सगळं मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेब हळहळले, आणि मग म्हणे खुर्चीत ताठ बसले. "उकळतं पाणी घातलं तरी निघाला नाही? कापड फाटलं आणि गोंद सुटला नाही?" त्यांनी उरलेलं जॅकेट मागवून घेतलं. तो नवा ग्रेड बाजारात यायचाच होता. त्याला अशी गोष्ट आयती मिळाली.

डावरीला त्यांनी नोकरी देऊ केली, त्या जॅकेटासोबत बाजारात नव्या गोंदाची जाहिरात करायची. करार संपला, खेळाचं खातं बंद झालं, पण मुलीला वाऱ्यावर सोडणार नाही, म्हणाले. ती हो म्हणून आली हे मला कळलं तेव्हा मी तिला तळघरात गाठलं. पट्टीवर उभं करून वाट्टेल ते बोललो. चार वर्षं जातात, दुसरा कुणीतरी पैसे देईल, मी घर गहाण टाकीन, तू काय दुकानात उभी राहणार आहेस? ते जॅकेट जाळून टाक, म्हणालो.

तिने मला पुरतं ओरडू दिलं.

"सर, बाबा रात्री उठून बसतात," ती मग म्हणाली. "काही बोलत नाहीत. कंपनीत साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली, त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले. निदान कंपनीच्या कामी आलं, असं म्हणाले. आता मी नाही म्हटलं तर त्यांच्याकडे काय राहिलं?"

तिने आपली तलवार भिंतीच्या खुंटीला लावली, मोडक्या बाकावर बसून बूट बदलले आणि जाताना नेहमीसारखी म्हणाली, "येते, सर." ती तलवार अजून तिथेच आहे. कुणी हात लावला तर मी ओरडतो.

मी तिकडे जाणार नव्हतो. पण एका रविवारी पाय वळले.

मोठ्या बाजारसंकुलात तळमजल्यावर कंपनीचा मंडप होता. मध्ये लोखंडी खांब, खांबाला बिनडोक्याचा, बिनहाताचा पुतळा आवळून बसवलेला आणि त्याच्या अंगात डावरीचं चंदेरी जॅकेट. छातीवर निळा बिल्ला. जो ओढून काढील त्याला मोटारसायकल. शेजारी डावरी पांढऱ्या पोशाखात उभी, मास्क काखेत. चेहरा दिसत होता. साहेबांना पाहिजे होता तसा, स्वच्छ, हसरा.

रांग लांब होती. पोरं येत होती, दंड दाखवत होती, पाय खांबाला लावून ओढत होती. दोस्त फोनवर चित्रीकरण करत होते. सुटला नाही की डावरी एक छोटी घंटा वाजवायची, "छान प्रयत्न!" म्हणायची आणि गोंदाची लहान ट्यूब हातात द्यायची. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. मी समोरच्या दुकानाच्या खांबाआडून बघत होतो.

मग रांगेतून फोरमन पुढे आला.

तोच इस्त्रीचा शर्ट. तो बिल्ल्यापुढे उभा राहिला, दोन्ही हातांची बोटं कडेखाली घालायचा प्रयत्न केला आणि ओढायला लागला. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. मागच्या पोरांतलं कुणीतरी म्हणालं, "काका, घरी जेवत नाही का?" आणि सगळे हसले. डावरी हसली नाही. ती बापाच्या हातांकडे बघत राहिली. बराच वेळ ओढू दिल्यावर तिने घंटा वाजवली.

"छान प्रयत्न," ती म्हणाली. सगळ्यांना म्हणायची त्याच आवाजात. ट्यूब त्याच्या हातात दिली आणि तो हात क्षणभर आपल्या हातात धरला. "बाबा, पुढच्यांना येऊ दे."

त्याने ट्यूब शर्टाच्या खिशात टाकली. खिसा आधीच ट्यूबांनी फुगलेला होता. मग तो मंडपाला वळसा घालून गेला आणि परत रांगेच्या शेवटी उभा राहिला.

मला राहवलं नाही. मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो. त्याने वळून बघितलं, मला ओळखलं, आणि मी इथे काय करतोय हे विचारलंसुद्धा नाही. बोटं पॅन्टला पुसत, आवाज खाली आणून, आतली बातमी सांगावी तसा तो म्हणाला, "सर, आज खालच्या कडेला जरा सैल लागला."

रांगेकडे येताना मी तो बिल्ला जवळून बघितला होता. तो कुठेच सैल नव्हता.

"हो," मी म्हणालो, आणि रांग पुढे सरकली.